खांदा दुखतोय का?

पोट दुखतंय म्हणून कुणी बाई सांगायला लागली, की आमच्या पणदरे गावची सुईण आधी विचारायची, "खांदा दुखतोय का?" दुखणं कुठं, विचारणं कुठं! साऱ्या पोरीबाळी तिला खांदेआत्याच म्हणत. विहिरीवर तिच्या नकला चालायच्या. मीही करायचे, खोटं कशाला सांगू? नवी सून होते, हसायला निमित्तच हवं असायचं.

तिची दुसरी खोड गावाला जास्त झोंबायची. कावळा शिवला म्हणून बाजूला बसवलेल्या बाईला ती खुशाल हात लावायची. पापणी खाली ओढून बघायची, पोट चाचपायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "रगत हाय त्ये. कशाचं हाय, बगाय नगं?" ती येताना दिसली की माझ्या सासूबाई पाण्याचा हंडा आत घ्यायच्या.

सन चौतीस-पस्तीसची गोष्ट. माझा महिना चुकून पंधरा दिवस वर झाले होते, आणि मग थोडं थोडं काळपट जायला लागलं. सासूबाईंनी रीतीप्रमाणे गोठ्याच्या कडेला बसवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ओटीपोटात एका बाजूला अशी कळ आली, की डोळ्यांपुढं अंधारीच. "बाजूला बसल्यावर दुखायचंच," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. थोड्या वेळानं माझा उजवा खांदा ठणकायला लागला. माझ्याच नकला मला आठवल्या आणि दरदरून घाम फुटला. जावेला म्हटलं, "पाया पडते, खांदेआत्याला बोलवा."

आत्या आली ती पळतच. "खांदा?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. तिचा चेहरा असा उतरला, की मी मरणार हे मला तिच्याकडं बघूनच कळलं. तिनं पापणी ओढली, नाडी धरली, पोटाला बोट लावताच मी किंचाळले.

"हिला दिवस गेल्यात. गर्भ जागेवर न्हाय, आत फुटलंय कायतरी."

"अगं, पण बाजूला बसलीय की ती!" सासूबाई म्हणाल्या.

"तितंच फसतो आपण. गाडी जुपा!"

बारामतीच्या डॉक्टरांनी मला बघितलं आणि स्वतःच्या मोटारीत घालून थेट पुण्याला नेलं. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटून पोट रक्तानं भरलं होतं. आतलं रक्त वर सरकलं की खांद्यात कळ येते, असं डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. म्हणाले, "तुमच्या सुईणीला हे मीच सांगितलंय. पण ती विचारायला आली तेव्हा तिच्या घरचं माणूस गेलं होतं."

बरी होऊन आल्यावर मी आत्याला विचारलं. ती शेंगा फोडत होती, मान वर केली नाही.

"माजी सून, चंद्री. गावच्या समद्या बायांना हात लावला म्या, आन घरच्या लेकराला शिवले न्हाय. बाजूला बसली हुती. पोट दुखतंय म्हणाली, खांदा दुखतोय म्हणाली. म्या तेलाची बाटली भुईवर ठिवली आन काठीनं फुडं ढकलली. चोळ म्हणाले. चौथ्या दिशी न्हायाला पाणी तापवलं, तर उठलीच न्हाय."

मला तिचा राग आला, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी नुसत्याच शेंगा फोडत बसले. विहिरीवरच्या त्या नकला मात्र आजही कानात वाजतात, माझ्याच आवाजात.

पुढं मला मुलगी झाली, तिला पहिली अंघोळ घातली ती आत्यानंच. मग ती खाटेला खिळली, माणसं ओळखेनाशी झाली. मी रोज सकाळी तिचे पाय चोळायला जायचे. एकदा तिनं माझा पदर घट्ट धरला.

"चंद्रे, खांदा दुखतोय का गं?"

मी तिचा हात उचलून माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला.

"दुखत हुता, आत्याबाई. तुमी हात लावला आन राहिला."

तिनं तो हात काढला नाही. दुपारी ती गार पडल्यावर मीच तो उचलून खाली ठेवला.