हिऱ्यात नव्हता तो डाग

हे मी तापीलाही सांगितलेलं नाही. आमच्या प्रकाशा गावच्या बाया घरात जे बोलता येत नाही ते धुणं धुता धुता नदीच्या कानावर घालतात. मी तेवढंही केलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. पण आधी हिऱ्याचं सांगते. आडवळणाने जाते आहे, कळतंय मला — जाऊ द्या थोडं.

त्या साली कापसाला बरा भाव आला होता. माझ्या धाकट्या दिराची बायको, जमना — लग्न लहानपणीच झालेलं — आता नांदायला येणार होती. सासऱ्यांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता की पोरगी उंबरा ओलांडून आली की तिच्या नाकात हिऱ्याची फुली घालू. मी थोरली सून. माझ्या नाकात सोन्याची साधी फुली. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारलं नसलं तरी सांगत असे.

सुरतेचा झवेरी आला. नंदुरबारला आगगाडीतून उतरून, पुढे बैलगाडीने आणि नावेने, दिवेलागणीला पोहोचला. सासरे म्हणाले, दाखवा. त्याने पुडी उघडलीच नाही. "दिव्यासमोर काच पन हसते, शेठ. सकाळी बघू."

सासऱ्यांची नजर अधू झालेली, सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. माझे वडील तळोद्याला मास्तर, त्यांनी मला लिहायवाचायला शिकवलेलं, म्हणून घरात समज असा की हिला बारीक दिसतं. "तूच दख वं," सासरे म्हणाले. सकाळी मी ओसरीवर बसले, ऊन थेट पडणार नाही अशा जागी. झवेरीने पांढऱ्या कागदाला घडी घातली आणि त्या घडीत तो खडा पालथा ठेवला. पिवळट झाक आहे का, ते असं कळतं म्हणे. मग माझ्या हातात भिंग दिलं. आत रेघ दिसते का? काळा ठिपका? तीन बोटं फाकल्यासारखी चीर? त्या चिरेला म्हणतात कावळ्याचा पाय. तो असलेला हिरा फुकट मिळाला तरी घरात आणू नये. वजन दुप्पट झालं तर भाव चौपट होतो, म्हणून मोठ्याच्या नादी लागू नका, लहान घ्या पण निर्मळ घ्या. आणि जडवलेला कधी घेऊ नका, कोंदणात बसला की सगळेच हिरे शहाणे दिसतात. माणूस विकायला आला होता आणि कसं फसू नये ते शिकवत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

मग म्हणाला, "आता सुलटा करून बघा, बेन. पानी बघा."

काय सांगू? ज्वारीच्या दाण्याएवढाही नव्हता तो. आणि त्यात आभाळ होतं. माझा हात जरा हलला की निळं, जरा हलला की तांबडं, आणि मुळात त्याला रंगच नाही. मी त्याच्यावर फुंकर घातली — वाफ धरली आणि धरली म्हणेपर्यंत गेली, कशाचंही काही लागूच देत नव्हता तो. जन्म तापीकाठी गेला माझा. पण त्याला पाणी का म्हणतात ते कळलं आणि अंगावर काटा आला. महादेवापुढेही माझं मन असं कधी गप्प झालं नव्हतं. हे जमिनीत होतं? मातीत? आणि कुणाच्या डोळ्यांवाचून इतकी वर्षं तसंच होतं? मला रडू आलं, खरंच सांगते. झवेरी हसला नाही. तो म्हणाला, "होतं असं."

खडा निर्मळ होता. मी तसं सांगितलं. भावही पटला.

पण आमच्याकडे हिरा एवढ्यावर घेत नाहीत. तो घरात मुक्कामाला ठेवतात. जिला घालायचा तिने उशाखाली घेऊन झोपायचं. स्वप्न चांगलं पडलं तर लाभला, वाईट पडलं तर परत. जमना अजून माहेरी होती. म्हणून घरची लक्ष्मी समजून तो माझ्या उशाखाली ठेवला.

मला गाढ झोप लागली. स्वप्न पडलंच नाही — चांगलं नाही, वाईट नाही. उठल्यावर पुडी उघडून पुन्हा पाहिला, आणि तो दुसऱ्या कुणाच्या नाकात जाणार हे मला सहन होईना. हेवा म्हणाल. होताच. पण माझ्यासाठीही नको होता मला तो. कुणाचाच होऊ नये असं वाटत होतं. असं वाटल्यावर काय करतात माणसं? बहुतेक काही करत नसतील.

सासूबाईंनी विचारलं, "काय सपन पडनं वं तुले?"

वाईट पडलं, एवढं म्हणाले असते तरी पुडी सुरतेला परत गेली असती. तेवढं पुरेसं होतं — हे मी पुन्हा लिहिते, तेवढं पुरेसं होतं. पण मी म्हणाले, जमना दारात उभी दिसली, आणि तिच्या कपाळावर कावळ्याचा पाय.

झवेरीने शिकवलेला शब्द. मी तो हिऱ्यातून काढला आणि एका पोरीच्या कपाळावर ठेवला.

"हिरा बी चांगला, भाव बी चांगला," सासरे म्हणाले, "पन घरले नही मानना." झवेरीने पुडी बांधली. माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याला स्वप्नांचं काय कळणार होतं?

जमना नांदायला आली ती नाकात फुलीच्या जागी काडी घालून. वर्षभरात म्हैस मेली — कावळ्याचा पाय. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं — कावळ्याचा पाय. हळदीला, ओटी भरायला तिला पुढे करेनासे झाले. एक शब्द, तोही खोटा, आणि केवढा चालला तो! खरे शब्द इतके चालत नाहीत. मला त्याचीही भीती वाटली, त्या हिऱ्यापुढे वाटली होती तशीच.

मग एकदा मी धान्य पाखडत होते. जमना समोर येऊन बसली, पदर मागे सारला आणि कपाळ पुढे केलं. "बाई, तुमले बारीक दिसस ना. दखा बरं, आजून शे का?"

मी पाहिलं. नीट पाहिलं. गोरं, निर्मळ कपाळ.

आणि मी म्हणाले, थोडं आहे.

का? नाही म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? मला ठाऊक नाही. मी ‘थोडं आहे’ म्हणाले आणि पुन्हा सूप हातात घेतलं. तिने पदर ओढून घेतला, भुवयांपर्यंत. तो तिथून पुन्हा कधी वर गेला नाही.

आज माझ्या मुलीला हळद लागते आहे. या मुलीला अंगाखांद्यावर वाढवलं ते जमनाने. पहिली भाकरीही तिनेच थापायला शिकवली. मांडवात सगळ्या बाया जमल्या आहेत, गाणी चालली आहेत. जमना मागे गोठ्यात बसली आहे. तिला कुणी जा म्हटलेलं नाही, आपणहून गेली. माझ्या खिडकीतून तिची पाठ दिसते.

मी तिला हाक मारलेली नाही.