वाकडी खुर्ची

शिवणकाम करणाऱ्या थोरल्या वहिनींची मान डिस्टोनिया या स्नायू आपोआप आखडण्याच्या दुखण्यामुळे सारखी डावीकडे ओढली जायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई तोंड फिरवतेय. घरच्या फोटोच्या वेळी धाकटा दीर हमखास म्हणायचा, "वहिनी, तुम्ही जरा मागे उभ्या राहा." जणू फोटोला यांचीच दृष्ट लागणार होती! आणि वहिनी मुकाट मागे जायच्या.

मग डॉक्टरांनी त्यांना याच दुखण्याच्या माणसांच्या बैठकीला धाडलं. तिथे एकही खुर्ची सरळ नव्हती. मान जिकडे वळते, त्याच्या उलट बाजूला खुर्ची फिरवायची, म्हणजे समोरच्याचं तोंड नीट दिसतं. एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर म्हणाला, "मानेशी किती भांडाल, ताई? खुर्ची फिरवा. ती निमूट ऐकते."

दिराने नवं घर घेतलं, तेव्हा पुन्हा फोटो ठरला. वहिनींनी पहिल्या रांगेत, मधोमध खुर्ची ओढली आणि उजवीकडे तिरकी करून बसल्या.

"वहिनी, खुर्ची वाकडी आहे. फोटो बिघडेल."

"बिघडू दे की! नाहीतर तुम्ही जा मागे. मी काही हलत नाही."

सगळे आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले आणि तेवढ्यात फोटो निघाला.

तो आता दिराच्याच भिंतीवर आहे. त्यात कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बघतायत त्या एकट्या वहिनी.