ऊद

भाट्याच्या खाडीकाठी आमचं घर आहे. मागच्या पडवीतून भरतीचं पाणी दिसतं आणि सकाळी कधीकधी त्यातून एक तपकिरी डोकं वर येतं, मासा खातं आणि बुडतं. मी त्याला पाणमांजर म्हणायचो. पुस्तकात तसंच आहे आणि मी जन्मभर मराठीचा मास्तर होतो.

माझी बायको दाभोळकडची, खाडीकाठीच वाढलेली. ती ऊद म्हणायची. "अवो, ह्यो बगा, ऊद आलाय," अशी तिची हाक आली की मी आधी शब्द दुरुस्त करायचो आणि मग प्राणी बघायला जायचो. तोवर तो बुडालेला असायचा. "ऊद देवापुढे जाळतात. हे पाणमांजर," असं मुलादेखत सांगायचो. पालथ्या घड्यावर पाणी, असंही वर म्हणायचो. पुढे तीही पाणमांजर म्हणायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. घरात एक धडा तरी नीट शिकवला म्हणून.

ती जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा मालवाहू जहाजावर असतो, रविवारी फोन करतो. पूर्वी तीच त्याच्याशी बोलायची. शेवटी फोन माझ्याकडे यायचा, मी तब्येत विचारून तो तिला परत द्यायचो. आता परत द्यायला कुणी नाही. जेवलास का, जेवलो, तुम्ही, मीही. मग नुसता तिकडचा वारा ऐकू येतो. मला फार एकटं वाटतं, हे लिहायची आता लाज वाटत नाही.

एका रविवारी काहीच सुचेना म्हणून मी सांगितलं, की पाणमांजराची जोडी पिल्लं घेऊन आली होती. तो एकदम खुलला. पुढच्या रविवारी म्हणाला, "बाबा, आमच्या रशियन इंजिनियरला विचारलं. ते त्याला वीद्रा म्हणतात." मग एक लिथुआनियाचा खलाशी सापडला, त्याचा शब्द ऊद्रा. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवू लागलो. आठवडाभर पुढच्या शब्दाची वाट बघायचो. खरं तर फोनची.

ऊद्रा लिहिताना हात थांबला. कपाटातून संस्कृतचा कोश काढला. त्यात उद्र होता. उद म्हणजे पाणी, त्यातलाच तो. आमचा ऊद, त्यांचे वीद्रा आणि ऊद्रा, शेजारच्या वर्गात पोरं ज्याचं स्पेलिंग घोकायची तो इंग्रजीतला ऑटरसुद्धा, सगळी एकाच घरातली भावंडं. पाणमांजर त्यांत कुठेच नव्हतं. मांजराशी त्या प्राण्याचं नातंही नाही. हजारो वर्षं टिकलेला शब्द माझ्या पडवीतून मला हाक मारत होता आणि मी त्यावर लाल रेघ ओढत होतो.

रविवारी मुलाला सांगून टाकलं. "आई बरोबर होती. माझं चुकलं."

तो म्हणाला, "बाबा, तिने तो शब्द सोडला नव्हता. तुम्ही शाळेत गेलात की आम्ही दोघं पडवीत बसून ऊद बघायचो. फाटक वाजलं की ती म्हणायची, गप ऱ्हा, आता पाणमांजर."

सांगताना तो हसला, म्हणून मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र पडवीत जाववेना. तिथे ती दोघं इतकी वर्षं मजेत बसत होती आणि मी आलो की उठत होती.

परवा सकाळी पडवीत गेलो, तर पाण्यातून ते तपकिरी डोकं वर आलं. एकटाच होता. मी घराकडे तोंड करून हाक दिली, "ऊद आलाय गो." आणि पहिल्यांदाच तो बुडेपर्यंत बघत राहिलो.