अर्ध्या तासाचा देश

टोलेकाकांनी हॉटेलातलं घड्याळ चोरलं, ही बातमी आमच्या इमारतीत काकांच्याही आधी वरच्या मजल्यावर पोचली. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं परातीएवढं काहीतरी, टॉवेलावर हॉटेलचं नाव, आणि काका चोरपावलांनी जिना चढताहेत. पहिल्या मजल्यावर एका घड्याळाची दोन झाली. दुसऱ्यावर हॉटेलच्या पहारेकऱ्याने काकांची मानगूट धरली. तिसऱ्यावर काकू माहेरी निघून गेल्या. पराचा कावळा करायला आमच्या जिन्याला एवढ्या पायऱ्या पुरतात.

चोरी-बिरी काही नव्हती. घड्याळ मॅनेजरने स्वतः टॉवेलात गुंडाळून दिलं होतं, "टॉवेल तेवढा परत आणा" असं बजावून. चोरपावलांचं म्हणाल तर ती गुडघ्यांची कृपा. काकू माहेरी गेल्या नव्हत्या, गॅसजवळ उभ्या राहून दुधावर नजर ठेवून होत्या. पण ज्या माणसाच्या घरात आधीच भिंतीपेक्षा घड्याळं जास्त, त्याने आणखी एक ओझं काखेत मारून का आणावं, हा प्रश्न उरतोच.

टोलेकाका म्हणजे औषधांच्या दुकानाशेजारी जिन्याखाली बसणारे घड्याळजी. जागा एवढी की काकांना शिंक आली तर आधी भिंग काढून बाजूला ठेवावं लागतं. 'टोले' हे त्यांचं आडनाव नव्हे. घड्याळ तासाला एक टोला देतं, हा गृहस्थ येणाऱ्या प्रत्येकाला देतो, म्हणून ते नाव पडलं. "काका, घड्याळ पाण्यात पडलं हो," असं कुणी रडवेलं होऊन सांगावं, तर काका डोळ्याचं भिंग न काढता विचारणार, "पडलं, की साबण लावून अंघोळ घातली?" स्वतःच्या मनगटावर मात्र घड्याळ नाही. विचारलं तर म्हणतात, "दिवसभर लोकांची वेळ सुधारायची, आता स्वतःची पण सुधारू?"

नदीकाठच्या मोठ्या हॉटेलातली पाच घड्याळं हा काकांचा खरा मान. काउंटरच्या मागे काळ्या लाकडाच्या फळीवर एका ओळीत पाच गोल, पितळी कडांची घड्याळं. प्रत्येकाखाली पितळेच्याच पट्टीवर एकेका राजधानीचं नाव. हॉटेल बांधलं तेव्हा जगाचा कारभार त्या पाच ठिकाणांहून चालायचा, आणि पाहुणेही तिथूनच यायचे. काका त्यांना 'माझे पाच जावई' म्हणायचे. "जावई म्हटला की पुसावा लागतो, आणि त्याच्या वेळेप्रमाणे आपल्यालाच चालावं लागतं." दर सोमवारी सकाळी काका स्टूल आणि पिवळं फडकं घेऊन जायचे. पद्धत ठरलेली. आधी पाचही घड्याळं थांबवायची, पाचही मिनिटकाटे एकदम बारावर उभे करायचे, मग तासकाटे ज्याच्या त्याच्या राजधानीप्रमाणे फिरवायचे, आणि रेडिओवर वेळ सांगितली की सगळी एका दमात सुरू. पाच मिनिटकाटे पलटणीसारखे ताठ उभे राहिले की काका स्टुलावरूनच मान मागे टाकून बघत राहायचे. सलाम ठोकायचं तेवढं बाकी असायचं.

त्या पाचांतलं तिसरं सगळ्यात लाडकं. कारण तिसऱ्याच्या राजधानीत ठकी होती. ठकी म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. चांगली पुलांची इंजिनियर, हाताखाली दहा माणसं, पण बापाच्या तोंडी ठकी ती ठकीच. तिला नोकरी लागून ती गेली तेव्हापासून काका दुकान बंद करून घरी येताना वाट वाकडी करून हॉटेलावरून यायचे. आत जायचे नाहीत. काचेच्या दारातून तिसरं घड्याळ बघायचे आणि घरी येऊन काकूंना सांगायचे, "ठकी आता डबा उघडत असेल."

"घरात सतरा घड्याळं आहेत," काकू म्हणायच्या. "त्यातल्या एकावर तिची वेळ लावा की! तेवढीच तंगडतोड वाचेल."

"घरातल्या घड्याळाला काय कळतंय तिकडचं?" काका म्हणायचे. यावर काकूंनी वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

गाडं अडलं ते नव्या देशामुळे. आता नवा म्हणजे काही काल समुद्रातून वर आलेला नव्हे. होता आपला आधीपासूनच, जवळच, थोडा पश्चिमेला. पण काकांच्या लेखी त्या देशाची ओळख म्हणजे प्लास्टिकची गजराची घड्याळं. विकत घेतलं की आठवड्याने ते काकांकडे यायचं, आणि काका ते कानाशी हलवून म्हणायचे, "आतमध्ये खुळखुळा आहे. बाळाला द्या." तोच देश हळूहळू अंगाने भरला. बंदरावरच्या क्रेन त्याच्या आल्या, मग बसगाड्या, मग पुलाचं कंत्राट. जुन्या राजधान्यांची माणसं हॉटेलात यायची कमी झाली आणि निम्म्या खोल्यांत या नव्या देशाचे पाहुणे दिसू लागले. आसपासच्या लहानमोठ्या देशांनी मिळून एक संघ काढला. संघाचं पुढारपणही या नव्या देशाकडेच गेलं, आणि संघाची बैठक भरायची ठरली ती आपल्या या नदीकाठच्या हॉटेलात.

मॅनेजरने काकांना बोलावलं. वयाने काकांच्या निम्मा, पण टाय असा की त्याने घरातल्यांनाही साहेब म्हणायला लावलं असावं.

"काका, पाहुण्यांच्या राजधानीचं घड्याळ लावायचंय. फळीवर जागा पाचच आहेत. तिसरं काढा."

"तिसरं?" काका दचकले. "पाचवं काढा. पाचव्याचं राज्य तर केव्हाच बुडालंय."

"पाचव्याकडून अजून सहलीचे लोक येतात. तिसऱ्याकडून गेल्या वर्षी एक माणूस आला, तोही चुकून."

काकांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला टोला न देता विनंती केली. फळीच्या टोकाला, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी, हातभर भिंत रिकामी होती. तिथे सहावं लटकवतो म्हणाले. मॅनेजरने मान इकडून तिकडे हलवली, मग म्हणाला, "बरं. बैठक होईपर्यंत बघू. पण पाहुण्यांकडून त्या घड्याळाबद्दल एक जरी तक्रार आली, तर तिसरं खाली. पुन्हा बोलायचं नाही."

तिसऱ्या जावयाचा जीव असा त्या सहाव्याच्या हातात गेला. आता शहाण्या माणसाने काय करावं? सहाव्याला डोक्यावर घेऊन नाचावं. पण काकांचा स्वभाव आड आला.

मॅनेजरने सांगितलं होतं, नवी राजधानी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. सोमवारी काका स्टुलावर चढले, सहाही मिनिटकाटे बारावर आणले, पाच जावई लावून झाले आणि सहाव्याला अडीच तास मागे नेलं. खाली उतरून बघतात तो पाच मिनिटकाटे ताठ उभे आणि सहावा खाली लोंबतोय. जशी काही पलटण सलामीला उभी आहे आणि एकजण वाकून बुटाची नाडी बांधतोय! काकांना बघवेना. उभ्या आयुष्यात त्यांनी लावलेली प्रत्येक राजधानी पूर्ण तासांनी पुढे किंवा मागे होती. अडीच म्हणजे ऐकणाऱ्याची नाहीतर सांगणाऱ्याची चूक, असं त्यांनी ठरवून टाकलं. "मोठ्या देशाला अर्धा तास कशाला लागतो?" ते काउंटरवरच्या बाईला म्हणाले. "अर्धा तास लागतो न्हाव्याला." आणि मिनिटकाटा बारावर उभा करून, दोनच तास मागे ठेवून, फडकं झटकून घरी आले.

त्या रात्री जेवताना फोनवर ठकीला सगळं रंगवून सांगितलं. "अर्ध्या तासाचा देश गं तो आपल्या शेजारचा! मी सरळ केला त्याला."

ठकी नेहमी हसते. त्या दिवशी हसली नाही. "बाबा, आईला द्या ना फोन," म्हणाली. काकूंनी फोन घेतला आणि बोलत बोलत बाल्कनीत गेल्या. काकांनी ताटातलं संपवलं. त्यांच्या मनात काही आलं नाही. घड्याळाचं पोट उघडलं की त्यांना सगळं दिसतं, माणसांचं तेवढं जमत नाही.

बैठकीच्या दिवशी पाहुण्यांना आपल्या राजधानीतल्या कचेरीशी बोलायचं होतं. भिंतीवरचं घड्याळ बघून, तिकडे कचेरी उघडली असेल असा हिशोब करून, सगळे फोनभोवती जमले. घंटी वाजतेय, उचलत कुणी नाही. कचेरी उघडलीच नव्हती. चहा आला, पुन्हा चहा आला. शेवटी शिष्टमंडळाच्या प्रमुख बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, भिंतीवरचं बघितलं, आणि हसत मॅनेजरला म्हणाल्या, "तुमच्या भिंतीवर आमचा देश अर्धा तास पुढे आहे. आम्ही पुढे चाललोय हे खरं, पण अजून इतके नाही!"

बाकीचे खदखदून हसले. मॅनेजर सोडून. बाई जेवायला गेल्या तेव्हा विसरूनही गेल्या असतील, पण तक्रार ती तक्रार. संध्याकाळी काका काचेच्या दारातून तिसरं घड्याळ बघायला आले, तर मॅनेजर दारातच उभा.

"सोमवारी तिसरं खाली," तो म्हणाला.

काका घरी आले आणि थेट खुर्चीत बसले. ठकी डबा उघडते की बंद करते, काही नाही. काकूंनी चहा पुढे ठेवला, तो गार झाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं: अडीच तास, लोंबणारा काटा, त्या बाईंचं हसणं, तिसऱ्याची फाशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्या वेगळंच बोलल्या.

"बरं झालं."

"काय बरं झालं? तिसरं जातंय!"

"जाऊ दे. ठकी तरी कुठे राहतेय आता तिथे?"

काकांनी मान वर केली.

काकू समोर बसल्या. "तिची कंपनी त्या तुमच्या अर्ध्या तासाच्या देशाने विकत घेतलीय. पुलांचं सगळं काम तिकडूनच चालणार. ठकीला बोलावलंय, वरच्या जागेवर. पुढच्या महिन्यात जातेय. घरही बघून ठेवलंय तिने."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगणार कशी? ती तोंड उघडणार तोच तुम्ही खुळखुळा काढता, न्हावी काढता! पोरगी म्हणाली, आई, बाबांना आधी तो देश आवडू दे, मग सांगते. मी म्हटलं, तोपर्यंत तू निवृत्त होशील."

काकू उठता उठता म्हणाल्या, "आणि एवढा तोरा कशाला? तुमच्या पाच जावयांच्या पोटात यंत्र कुणाचं आहे, ते मला सांगू नका. मीच आणायचे ना ती बाजारातून, डबीत घालून?"

हे मात्र वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. जुन्या राजधान्यांची मूळ यंत्रं कधीच झिजून गेली होती. सुटे भाग मिळेनात, म्हणून एकेक करून पाचांच्याही पोटात काकांनी त्या नव्या देशाचीच यंत्रं बसवली होती. पितळ जुन्यांचं, नाव जुन्यांचं, आणि आत टिकटिक करणारा हा शेजारी! कितीतरी वर्षं. एकही मिनिट न चुकता. काकांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आणि स्वतःलाही फार वेळा नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी फोन उचलला.

"ठके."

"बाबा?"

"तिकडे घरात भिंत आहे का चांगली? घड्याळ लावण्याजोगी?"

ठकी म्हणाली, "आईने सांगितलं वाटतं."

"सांगितलं. खिळा मी येऊन ठोकीन. तू ठोकलास तर भिंत पडेल, पूल बांधणारी."

आता ती हसली. काकूंनी गॅसजवळून पाठमोऱ्याच डोळे पुसले आणि दूध उतू गेलं.

सोमवारी काका स्टुलावर चढले. मॅनेजर सांगायला आला, तोवर तिसरं खाली उतरलेलंही होतं. काकांनी नळकांड्याशेजारचं सहावं काढलं, त्या जागी आणलं, पितळी पट्टी बदलली. मिनिटकाटे बारावर उभे करताना सहाव्याचा हात त्यांनी स्वतः धरून खाली नेला, सहावर. खाली उतरले, मान मागे टाकून बघितलं. चार ताठ आणि मधला वाकलेला. "नाडी बांधून होऊ दे बाबा तुझी," असं काहीतरी पुटपुटले. मॅनेजरला ते कळलं नाही, पण म्हाताऱ्याने वाद घातला नाही याचाच त्याला इतका धक्का बसला की त्याने जुनं घड्याळ टॉवेलात गुंडाळून देऊन टाकलं.

तेच ते घड्याळ, जे शिंपीणबाईंनी पाहिलं. ते आता काकांच्या स्वयंपाकघरात आहे. खाली पट्टीवर नाव अजून जुन्या राजधानीचं, काटे मात्र ठकीच्या नव्या शहराचे. ते पाहायला आम्ही सगळे दोन दिवस कपभर साखर मागायच्या निमित्ताने जाऊन आलो. शिंपीणबाई सगळ्यात शेवटी गेल्या, चोरीची अफवा त्यांचीच असल्यामुळे जरा नरमून, पण तोंड कुठे गप्प बसतंय!

"काय हो टोलेकाका," त्या म्हणाल्या, "परवापर्यंत अर्ध्या तासाचा देश म्हणून नाकं मुरडत होता. पोरगी तिकडे निघाली म्हणताच एकदम मोठा झाला वाटतं तो?"

काकांनी डोळ्याचं भिंग काढलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "जेवलीस का एवढं विचारायला ज्या देशापायी मला रोज दोन तासांवर आणखी अर्धा तास थांबावं लागणार, तो मोठाच असला पाहिजे, बाई."