झोळ्यांची बालवाडी

ओढ्यात पाणी नव्हतंच, तरी मनकर्णाबाईंनी सवयीनं लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि पलीकडे गेल्यावर सोडलं. आम्ही दोघी बोरीहून गावाकडे परत निघालो होतो. आमच्या गावाला तेव्हा एसटी नव्हती, बोरीला पायीच जायचं आणि पायीच यायचं. फाल्गुनातलं ऊन होतं. दोन्ही अंगाला ज्वारीची काढणी चालू होती. बांधावरून कुणीतरी हाक मारली, "मनकर्णा, काय म्हनली गं सायबीण?" मनकर्णाबाईंनी नुसता हात हलवला. काय समजायचं ते त्या बाईनं समजून घेतलं आणि ती पुन्हा खाली वाकली.

सायबीण, म्हणजे तालुक्याच्या बालवाड्यांवरच्या अधिकारी बाई, म्हणाल्या होत्या, पुढच्या एक तारखेपासून येऊ नका.

मनकर्णाबाई आमच्या गावच्या बालवाडीच्या बाई, आणि मी तिथल्याच प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायची. त्या चौथी शिकलेल्या. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हापासून त्या माहेरी भावाजवळ. दुष्काळात त्यांनी खडी फोडली. दुष्काळ सरल्यावर गावात बालवाडी निघाली, तर लिहिता-वाचता येणारी आणि दिवसभर मोकळी अशी दुसरी बाई गावात नव्हती. मोकळी हा शब्द सरपंचांचा. तो त्यांना लागला की नाही, देव जाणे. काही लागल्याचं त्यांच्या तोंडावर दिसायचंच नाही.

माझ्या वर्गात मुली दिवाळीपर्यंत असायच्या. मग आया कापूस वेचायला जायच्या, त्यामागून ज्वारी यायची, आणि धाकटं भावंड मुलीच्या कडेवर. परीक्षेला आली तरी नापास. पुन्हा पहिली. बौद्धवाड्यातली सत्यशीला अशी वर्षानुवर्षं पहिलीत होती, वर्गातल्या मुलांपेक्षा हातभर उंच. आमचे मुख्याध्यापक माणिकराव गुरुजी म्हणायचे, पोरींच्या डोक्यात काही शिरतच नाही. मी ऐकून घ्यायची.

या मुली जायच्या कुठं, तर बालवाडीच्या दारात. मधल्या भावंडाला आत सोडायच्या आणि तान्ह्याला कडेवर घेऊन चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. एके दिवशी मनकर्णाबाईंनी सत्यशीलाचा भाऊ तिच्या कडेवरून काढून घेतला, म्हणाल्या, दे हिकडं, तू शाळंत जाय. माळवदाच्या लाकडाला स्वतःचं जुनं लुगडं बांधून त्यांनी झोळी केली. मग दुसरीनं भावंड आणलं, तिसरीनं आणलं. ज्याच्या त्याच्या आईनं आपापलं जुनेर दिलं. बौद्धवाड्यातली आणि गावातली लेकरं एकाच ओळीत निजतात म्हणून दोन-चार घरांनी नाकं मुरडली. वेचणी भरात आल्यावर त्यांचीही जुनेरं आली. सगळ्या झोळ्यांना मिळून एक दोरी होती. ती ओढत ओढत मनकर्णाबाई मोठ्या लेकरांना गाणी शिकवायच्या.

विहिरीवर कस्तुराबाईनं टोमणा मारला होता, "नवरा न्हाई, आन् लेकरं बगा किती झाली."

"झोळी तुजी, पोरगं तुजं," मनकर्णाबाई पाणी शेंदत म्हणाल्या. "माजी निस्ती दोरी हाय, माय."

त्या वर्षी मुली शेवटपर्यंत वर्गात राहिल्या. सत्यशीला दुसरीत गेली, आणखीही बऱ्याच गेल्या. पहिलीचा निकाल चांगला लागला म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी गुरुजींना शाबासकी दिली. मी संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना मनकर्णाबाईंचं नाव घेतलं. त्याहून जास्त काही करायचं असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या वर्षी माघात तालुक्याच्या सायबीण बालवाडी बघायला आल्या. दुसरी कुणी असती तर त्या दिवसापुरत्या झोळ्या सोडून ठेवल्या असत्या. मनकर्णाबाईंनी पहाटे उठून खोली सारवली. एकेका तान्ह्याला तेल लावलं, काजळ घातलं, गालावर तीट लावली, आणि सायबीण येणार त्या वेळेला सगळी ओळीनं निजवून ठेवली. त्यांना वाटलं, बाईंना बरं वाटेल.

सायबीण बाईंनी मोठ्या लेकरांना गाणं म्हणायला सांगितलं. ती उभी राहिली आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणू लागली. बाळं झोपली असली की तसंच म्हणायचं, ही त्यांची रोजची शिस्त. बाई म्हणाल्या, मोठ्यानं म्हणा. मुलांनी मनकर्णाबाईंकडं पाहिलं आणि ती तसंच म्हणत राहिली. मुलं बुजरी आहेत, त्यांना काही येत नाही, आणि हे पाळणाघर आहे, असं बाईंचं मत झालं.

फाल्गुनात आम्ही बोरीला गेलो होतो ते त्यासाठी. सायबीण बाईंचा मुक्काम तिथं होता. त्या वाईट बोलल्या नाहीत. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. तीन वर्षांच्या आतलं मूल बालवाडीत घेता येत नाही, म्हणाल्या. तुमच्या जागी सातवी पास मुलगी येईल, झोळ्या मात्र उद्याच सोडा. मी सांगून पाहिलं की या झोळ्यांमुळे पहिलीच्या मुली शाळेत टिकतात, आणि परीक्षा महिन्यावर आली आहे. त्या म्हणाल्या, मुली टिकवणं हे शाळेचं काम, आमचं नाही. ते खरंच होतं. आम्ही उठलो.

मला राग यायला हवा होता. आला नाही. चालत होते, एवढंच. उद्या झोळ्या सुटणार, परवापासून मुली पुन्हा घरी. डोळ्यांसमोर माझा वर्ग आणायचा प्रयत्न केला, तर तोही धड दिसेना.

गावाबाहेरचं लिंब आलं तेव्हा मनकर्णाबाई थांबल्या. बसल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं.

"बाई, पोरींचं काम शाळंचं हाय म्हनल्या न त्या?"

मी हो म्हणाले.

"मंग झोळ्या शाळंत घ्या."

त्यांचा आवाज बाजारातून मीठ आणायला सांगावं तसा होता.

"परीक्षेपस्तोर. तुमच्या वर्गात मागल्या अंगाला जागा हाय, पत्र्याखाली लोखंडी नळ्या हायत्या. मी यायची न्हाई. काडून टाकलेल्या बाईला तिथं बगून लोक कायबी म्हनतील, मंग तुमच्यावर यायचं. लेकरं लय रडत न्हाईत, सवय हाय त्यायला. गुरुजी न्हाई म्हनायलेत आसं दिसलं, तरी एक डाव इचारा, बाई. माजं त्ये ऐकायचे न्हाईत. तुमी इचारा."