चालवून दाखवलेला लॅपटॉप

शोभाताईंनी हेडसेट डोक्यावरून ओढून काढला आणि त्या ट्रेनिंग रूमच्या फरशीवरच बसल्या. दोन्ही तळवे फरशीला टेकलेले, डोळे घट्ट मिटलेले.

"मॅडम, खोली फिरायलीय," त्या म्हणाल्या. "ते काढलं तरी फिरायलीय."

मी पाण्याची बाटली दिली. त्यांच्या आधी हेडसेट घातलेल्या दोघी बाहेर नळापाशी होत्या. एक ओकत होती, दुसरी तिची पाठ चोळत होती. हेडसेट पुरवणाऱ्या कंपनीचा, पुण्याहून आलेला इंजिनिअर रोहन लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला, "फर्स्ट टाइम होतं असं. सवय होते."

कसली सवय? ओकायची?

मी वाळूजच्या एका कंपनीत आयटी बघते. सर्व्हर, नेटवर्क, हजेरीचं मशीन, बंद पडलेले प्रिंटर, सगळं माझ्याकडं. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतो. पत्रा साच्यात ठेवायचा, वरून प्रेस येते, पार्ट तयार. हात आत राहिला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून ऑपरेटर लोकांना सेफ्टी ट्रेनिंग द्यावं लागतं. या वेळी मॅनेजमेंटनं ठरवलं, ट्रेनिंग व्हीआरवर द्यायचं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर खोटी प्रेस दिसते. चूक केली तरी खऱ्या बोटांना काही होत नाही. कल्पना चांगली होती. आजही मी तेच म्हणेन.

लॅपटॉप कुठला लागेल हे मी आधीच सांगितलं होतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त चित्रं काढायचं काम करणारी चिप. साध्या लॅपटॉपमध्ये ती वेगळी नसते, मुख्य प्रोसेसरमध्येच थोडीफार सोय असते. मेल, एक्सेल, सिनेमा, एवढ्याला ती पुरते. व्हीआरला पुरत नाही. तिथं दोन डोळ्यांना दोन चित्रं लागतात, आणि मान वळली की चित्रही त्याच क्षणी वळावं लागतं. ते मागून आलं तर तोल सांभाळणारा आतला कान सांगतो मान वळली, डोळा सांगतो अजून नाही. दोघांच्या या गोंधळात पोट ढवळतं आणि तोल जातो. हेडसेट काढल्यावरही हे बराच वेळ राहतं.

परचेस खात्यानं आणला तो अकाउंट्सवाल्यांना देतात तसला लॅपटॉप. मी हेडसेट जोडला. सॉफ्टवेअरनं सरळ मेसेज दिला, ग्राफिक्स सपोर्टेड नाही. मी तो स्क्रीनच शिंदे सरांना नेऊन दाखवला. शिंदे सर आमचे प्लांट हेड.

"चालवून घ्या," ते म्हणाले. "गुरुवारी कस्टमरचं ऑडिट आहे."

"सर, सपोर्टच नाही. चालवायचा प्रश्नच येत नाही."

"मॅडम, प्रत्येक गोष्टीला तुमचं आधी नाहीच असतं."

मग रोहनला बोलावलं गेलं. त्यानं सॉफ्टवेअरच्या एका फाइलमध्ये बदल केला. त्यामुळं ग्राफिक्सची तपासणीच बंद झाली, मेसेज यायचा थांबला, आणि स्क्रीनवर खोटी प्रेस उभी राहिली. अडखळत, झटके देत, पण उभी राहिली.

"बघा, चाललं," शिंदे सर म्हणाले. माझ्याकडं न बघता.

लॅपटॉप तोच होता. तो नाही म्हणत होता, यांनी त्याचं तोंड बंद केलं. आणि आता शोभाताई फरशीवर बसल्या होत्या.

तेवढ्यात प्रेस शॉपचे सुपरवायझर जाधव दारात आले. "झालं का मॅडम? माझ्या मशिनी उभ्यात."

"जाधव, यांना चक्कर येतेय. बसू द्या थोडा वेळ."

"बसू द्या? साहेब आत्ताच टार्गेट इचारून गेले." मग शोभाताईंकडं बघून जरा हळू म्हणाले, "जमन का ताई?"

"जमन," शोभाताई भिंतीला धरून उठल्या. "लई नाय आता."

शोभाताई लासूर स्टेशनहून रोज कंपनीच्या बसनं येतात. कित्येक वर्षं प्रेसवर आहेत. कधी रजा मागत नाहीत, कधी दुखतंय म्हणत नाहीत. अशी माणसं 'लई नाय' म्हणतात तेव्हा ते किती असतं, हे मला कळायला हवं होतं तसं जाधवांनाही. त्या गेल्या. मी रोहनशी भांडत बसले. मग राहवेना म्हणून प्रेस शॉपमध्ये, मशिनींपाशी गेले.

आमच्याकडच्या बहुतेक प्रेस दोन बटणांच्या आहेत. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. कोपऱ्यातल्या दोन लहान प्रेस मात्र जुन्या, पायातल्या पेडलवर चालणाऱ्या. शोभाताई त्यातल्या एकीवर होत्या. एका हातानं मशीनची कड धरून दुसऱ्या हातानं पत्रा सरकवत होत्या. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांचा तोल गेला आणि पाय पेडलवर पडला.

प्रेस खाली आली.

त्यांनी हात मागं खेचला होता. पण हातमोज्याचं टोक साच्यात अडकून राहिलं होतं, चपटं झालेलं. शोभाताईंनी हातमोज्यातून हात काढून घेतला, बोटं बघितली, एकेक वाकवून बघितलं. मग बाजूच्या ट्रेमधला दुसरा हातमोजा घेऊन घालायला लागल्या.

जाधवांनी मेन स्विच बंद केला. मी तशीच शिंदे सरांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं नाही.

सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "लागलं का?"

"नाही."

"मग झालं तर. गावाकडून येतात, असलं कधी पाहिलेलं नसतं. घाबरतात."

"सर, त्या रोज प्रेससमोर उभ्या राहतात. घाबरणारी बाई तिथं टिकतच नाही. हा लॅपटॉपचा दोष आहे. हेडसेट घालून बघा तुम्ही."

"चला," ते म्हणाले.

मला वाटलं, आता समजेल. ट्रेनिंग रूममध्ये येऊन त्यांनी हेडसेट घातला. खोट्या प्रेससमोर उभे राहिले, डावीकडं वळले, उजवीकडं वळले, वाकले. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी हेडसेट काढला, केस नीट केले. चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही.

"मला तर काहीच झालं नाही," ते म्हणाले. रोहन हसला.

काही लोकांना हा त्रास होतच नाही. लहानपणापासून घाटातल्या एसटीत पुस्तक वाचणारी माणसं असतात, तसे. शिंदे सर नेमके त्यातले निघाले. मी त्यांना ते समजावून सांगितलं. चित्रं किती हळू येतायत, ते आकडे स्क्रीनवर दाखवले. पण स्वतःला काही न झालेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत. "उद्या दुसरी बॅच घ्या," म्हणून ते निघून गेले. मला इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रोहननं पाहिलं याचा आणखी संताप आला.

संध्याकाळी बस सुटायच्या आधी मी जाधवांना गाठलं.

"उद्या परत बॅच आहे," मी म्हणाले. "तुमच्याच लाईनची माणसं."

"साहेबाला कोन सांगनार मॅडम?"

"सांगू नका. जो हेडसेट घालून येईल त्याला त्या शिफ्टला मशीनवर घेऊ नका. एवढं तुमच्या हातात आहे."

"तो हातमोजा मी काढला साच्यातून," ते म्हणाले. "न्हाई घेनार."

आणि त्यांनी खरंच नाही घेतलं. दुसऱ्या दिवशीची बॅच ट्रेनिंग करून आली आणि बाकावर बसून राहिली. मशिनी उभ्या. शिंदे सर येऊन ओरडले. जाधव मान खाली घालून म्हणाले, "चक्कर आलेला मानूस मी उभा करनार न्हाई साहेब. दुसरा सुपरवायझर बघा." दुसरा सुपरवायझर नव्हता.

गुरुवारी ऑडिट झालं. कस्टमरच्या माणसांनी हेडसेट हातात घेऊन फोटो काढले, "व्हेरी गुड इनिशिएटिव्ह" म्हणाले आणि जेवायला गेले. कुणीही तो डोक्यावर चढवला नाही.

पण बॅचेस चालूच होत्या, आणि प्रत्येक बॅचमागं मशिनी उभ्या राहत होत्या. आठवड्याच्या रिपोर्टमध्ये प्रॉडक्शन खाली आलेलं दिसलं. मीटिंगमध्ये मॅनेजमेंटनं शिंदे सरांना कारण विचारलं. त्यानंतर वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप यायला अजिबात वेळ लागला नाही. मी आधी सांगितला होता, नेमका तोच.

त्यावर सगळं गुळगुळीत चालतं. कुणी ओकत नाही. शिंदे सर आलेल्या पाहुण्यांना तो स्वतः दाखवतात आणि म्हणतात, "आम्ही हार्डवेअरमध्ये तडजोड करत नाही." मी शेजारी उभी असते.

शोभाताईंनीही एकदा त्यावर हेडसेट घालून पाहिला. काढून हातात धरून म्हणाल्या, "आता बरं दिसतं. हे आधीच आनता येत नव्हतं व्हय?"

"येत होतं," मी म्हणाले.

त्यांनी हेडसेट माझ्या हातात दिला.

तेव्हापासून मी मेल वेगळे लिहिते. धोका आहे, असं लिहीत नाही. लाईन थांबेल, असं लिहिते. उत्तर त्याच दिवशी येतं.