पानावरचा आडवा हात

“दत्ता! ते काय ठेवलंस ताटात? ते काय ठेवलंस म्हणते मी!”

आईचा आवाज एवढा चढला, की बाहेर अर्धा तास हॉर्न वाजवत बसलेल्या जीपवाल्यानं घाबरून हात काढून घेतला. त्याला मला जिंतूरला सोडायचं होतं. तिथून बसनं परभणी, परभणीहून रेल्वेनं मुंबई आणि मुंबईहून विमानानं कुवेत. एवढा सगळा प्रवास माझ्या ताटातल्या पुरणपोळीच्या एका तुकड्यापाशी अडला होता. त्याआधी मी चौदा पोळ्या खाल्ल्या होत्या. आई सांगते, तीन. पण खायला मी बसलो होतो, आई नाही.

“आई, गाडी जाईल ना.”

“जाऊ दे. विमानवाल्यांला सांग, लेकरू जेवायलंय.”

वडील दारात माझी बॅग धरून उभे. शाळेत शिपाई होते, आयुष्यभर घंटा वाजवली, त्यामुळे स्वतःचा आवाज फारसा लागलाच नाही. ते एवढंच म्हणाले, “संपीव. धुऊन पी. अन् चल.”

धुऊन पी म्हणजे काय, ते इथल्या पोरांना सांगावं लागतं. आमच्याकडं ताट बोटानं पुसून खायचं, मग त्यात घोटभर पाणी ओतायचं, कडेकडेनं बोट फिरवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. ताट असं निघायचं, की घासणाऱ्याला प्रश्न पडावा, हे जेवलेलं की मांडायचं? आई बहात्तरच्या दुष्काळात दहा-बारा वर्षांची होती. आईबाप खडी फोडायला, आणि ही अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची भाकर राखत घरी बसलेली, धाकट्या भावंडांनी आधीच खाऊ नये म्हणून. त्या भाकरीला तिनं आयुष्यभर नावं ठेवली, पण तिचा तुकडा कधी टाकला नाही. आमच्या घरात ताटात टाकणं हे पाप नव्हतं, पापाहून वाईट होतं. पाप केलं तर निदान घरचे बोलायचं थांबत नाहीत.

मी संपवलं, धुऊन प्यालो आणि जीपमध्ये बसलो. माझ्या बाजूची चाकं जिंतूरपर्यंत मडगार्डला घासत होती. याला आता एकोणीस वर्षं झाली.

हे मी दोन्हीकडच्यांसाठी लिहितोय. जे गावाकडं राहिलात, त्यांना वाटतं आम्ही इथं चैनीत खातोय. जे इकडं आलात, त्यांना ठाऊक आहे की खाणं हीसुद्धा एक ड्यूटी आहे, आणि तिला वीकली ऑफ नाही. खरं सांगतो, मी खाऊन खाऊन दमलोय.

माझी नोकरी इथल्या एका हॉस्पिटलात, ईसीजी टेक्निशियनची. रोज चाळीसेक छात्यांवर वायरी चिकटवायच्या, मशीन चालवायचं आणि कागदावर उठलेल्या डोंगर-दऱ्या डॉक्टरकडं पाठवायच्या. इथली माणसं दिलदार आणि त्यांची जेवणं त्याहून दिलदार. एकदा एका पेशंटच्या ईसीजीच्या कागदावर मला चक्क तुपाचा डाग दिसला होता. डॉक्टर म्हणाले, तुझ्याच डब्यातला असेल. असो.

आमच्या डिपार्टमेंटचं कागदपत्रांचं काम बघतो तो अबू नासिर. कुवेती माणूस, उंचीला खजुराचं झाड आणि हसला की खिडक्या हलतात. हॉस्पिटलात राहून राहून हिंदी इतकी झकास शिकलाय, की शिव्यासुद्धा योग्य लिंगात देतो. मी आलो त्या पहिल्याच महिन्यात त्यानं मला त्याच्या दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, जेवायला बोलावलं. बाकीचे एका परातीभोवती बसलेले. मी नवखा म्हणून मला वेगळी प्लेट. प्लेट कसली, आमच्याकडं एवढ्या परातीत मूल न्हाऊ घालतात. तिच्यात भाताचा डोंगर आणि वर अख्खी मांडी.

मी संपवलं. पाहुणा आहे, ताटात टाकलं तर आईबापाचं नाव जाईल. अबू नासिरनं रिकामी प्लेट पाहिली आणि परत भरली. मी परत संपवली. त्यानं परत भरली. त्याच्या डोळ्यांत काळजी दिसायला लागली, माझ्या डोळ्यांत पाणी. चौथ्या वेळी मला वाटलं, आता आपण जेवण झाल्याची स्पष्ट खूण करावी. मी प्लेटमध्ये पाणी ओतलं, बोट फिरवलं आणि ते पिऊन टाकलं.

अबू नासिरच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यानं आत हाक मारली आणि दुसरी परात मागवली.

इथं शेवटी थोडं ताटात ठेवायचं असतं. ठेवलं म्हणजे पोट भरलं, यजमानानं भरपूर दिलं. ताट लख्ख केलं म्हणजे पाहुणा अजून उपाशी आहे. मी आमच्या रीतीनं मान देत होतो, तो त्याच्या, आणि मधल्या मध्ये तीन बकरे गेले. ही गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली. कळून उपयोग काही झाला नाही. डोक्याला कळलं, हाताला नाही. शेवटचा घास ताटात ठेवून उठायला गेलो, की इथं, सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घरातसुद्धा, मागून आवाज यायचा: ते काय ठेवलंस?

मग गेल्या वर्षी, भर दुपारी, दोन पेशंटच्या मध्ये, मला घाम फुटला. जबडा दुखायला लागला. मी दार लावलं आणि स्वतःच्या छातीवर वायरी चिकटवल्या. कागद बाहेर आला. एवढी वर्षं पेशंटनं विचारलं, की मी म्हणायचो, “डॉक्टर सांगतील.” त्या दिवशी मला कोणी सांगायची गरज नव्हती. या एका प्रसंगात मी काहीच वाढवून सांगत नाहीये.

स्टेंट बसला. इजिप्तच्या डॉक्टरनं निघताना सांगितलं, “जे पुढ्यात येईल त्याचं अर्धं खा. अर्धं टाकून दे.” गोळ्यांची चिठ्ठी मी निमूट घेतली, पण या वाक्यावर म्हणालो, “दुसरं काही औषध नाही का?”

सुनंदानं, म्हणजे बायकोनं, घरातली मोठी ताटं माळ्यावर टाकली. गार्गीनं, तेरा वर्षांची आमची लेक, माझ्या ताटावर पोलिसासारखी नजर ठेवली. आईला मात्र काही कळवलं नाही. वडील दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊनच गेले, जेवण करून, ताट धुऊन पिऊन, भिंतीला टेकले ते टेकलेच. तिला तेच दुखणं माझ्या तोंडून ऐकवणं मला जमलं नाही.

आणि या हिवाळ्यात आई महिनाभरासाठी इकडं आली. आल्या दिवशी तिनं माझं ताट पाहिलं आणि सुनंदाकडं वळून म्हणाली, “मांजराला वाढायलीस का?” माळ्यावरची ताटं खाली आली. त्या दिवसापासून भाकरी, वर लोणी, वर धपाटं, वर “एवढं तर खाय”. मी खायचो. टाकलं तर का टाकलं ते सांगावं लागलं असतं. सुनंदा भिंतीकडं बघायची. गार्गी मला कोपऱ्यात गाठून म्हणायची, “आय विल टेल आजी.” मी तिला रोज एका दिवसाची मुदत मागायचो. एक महिना काढायचा होता. महिनाभर हृदय काही म्हणणार नाही, असा मी त्याच्याशी परस्पर करार करून टाकला होता.

तिसऱ्या आठवड्यात अबू नासिरला कळलं, आई आलीय. “तुझी आई कुवेतमध्ये, आणि मला आता सांगतोस?” असा ओरडला, की वॉर्डातले दोन पेशंट उठून बसले. शुक्रवारी दुपारी त्यानं आम्हा चौघांना एगैलाच्या मॉलमधल्या एका स्टेकहाउसमध्ये नेलं. आईसाठी बटाटे, मका, पाव. माझ्यासाठी त्यांचा सगळ्यात मोठा स्टेक.

तो आणायला दोन वेटर आले, तिसरा पुढं रस्ता मोकळा करत. टेबलावर ठेवला तेव्हा समोर बसलेली सुनंदा दिसेनाशी झाली. एवढ्या आकाराच्या मालाला इथं वेगळं ओळखपत्र, सिव्हिल आयडी, काढावं लागत असणार.

“हे कशाचं?” आईनं विचारलं.

“बोकडाचं,” मी म्हणालो. आईनं माळ घातलेली नसली तरी काही गोष्टी तिला कळायची गरज नसते.

“बोकड व्हता का हत्ती?”

अबू नासिरला मराठी कळलं नाही, पण तो इतका हसला की मक्याचे दाणे उडाले.

शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठलं. त्यांच्या प्लेटांत अर्धे-अर्धे स्टेक तसेच. वेटर ते उचलून नेत होता आणि आई प्रत्येक प्लेटीला दारापर्यंत नजरेनं पोचवून येत होती, मयताला पोचवतात तशी. मग ती नजर माझ्या प्लेटीवर येऊन बसली.

अर्ध्यावर माझी सुरी थांबली. डॉक्टर इथंच थांब म्हणाला होता. सुनंदानं टेबलाखालून पाय दाबला. मी आईकडं पाहिलं. ती माझ्या प्लेटीकडंच बघत होती. मी सुरी परत चालवली. पाऊण झालं. कपाळावर घाम आला, एसी अठरावर असताना. आणखी थोडं, आणखी थोडं, आणि प्लेट जवळजवळ निघाली. अबू नासिरनं ती निघालेली प्लेट पाहिली. त्याला आठवलं असणार, हा पाहुणा उपाशी राहतो. त्यानं स्वतःच्या स्टेकचा मोठा तुकडा काट्यावर घेतला आणि माझ्याकडं वाकला.

“बाबा, स्टॉप!” गार्गी ओरडली. खुर्ची मागं पडली. सगळं स्टेकहाउस वळलं. “आजी, बाबांना सांग ना! त्यांना हार्टॲटॅक आला होता! ऑपरेशन झालंय, आत जाळी बसवलीय! त्यांनी जास्त खायचं नाहीये, आणि ते तुझ्यासाठी खातायत, रोज, फक्त तुझ्यासाठी!”

घरात ‘पाणी दे’ म्हटलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी पोर. तिचं एवढं सलग मराठी मी जन्मात ऐकलं नव्हतं.

अबू नासिरचा काटा हवेतच राहिला होता. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं हात लांब केला आणि माझ्या प्लेटवर आडवा धरला. पंगतीत नको असलं की आपण स्वतःच्या पानावर धरतो, तसा. पण पान माझं होतं. बांगड्यांचा हात, बोटं पसरलेली, खाली स्टेकचा रस लागायला आलेला. अबू नासिरनं असा हात आयुष्यात पाहिला नसेल. त्याला कळलं. त्यानं तुकडा गुपचूप आपल्या प्लेटीत ठेवला आणि छातीवर तळवा टेकवून आईपुढं मान झुकवली. एकोणीस वर्षांत त्या माणसाला थांबवणं मला जमलं नव्हतं.

वेटर माझी प्लेट घेऊन गेला. तिच्यात चांगले चार घास होते. आईनं तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

गाडीत मी कारणं तयार करत होतो. मला कारणं सुचायला कधी वेळ लागत नाही. घरी आल्यावर ती ऐकायला कोणी थांबलं नाही. आईनं संध्याकाळी स्टूल मागवलं, मोठी ताटं स्वतः माळ्यावर चढवली आणि माझ्यापुढं बशीएवढ्या ताटात वाढलं. पुढचे आठ दिवस ती समोर बसायची, पण ‘आणखी घे’ म्हणाली नाही. तिच्या तोंडून ते शब्द नाहीत म्हटल्यावर मला घास जड जायला लागला. वर्षानुवर्षं ज्या आवाजाला मी वैतागलो, तो थांबल्यावर घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटायचं. म्हणजे होतंच.

विमानतळावर, व्हीलचेअरमध्ये बसल्यावर, तिनं माझा सदरा ओढून मला खाली वाकवलं. “तुझ्या बापाला बी मीच वाढत व्हते,” ती म्हणाली. तेवढ्यात विमानतळाचा माणूस तिची खुर्ची ढकलत निघाला.

मला आजवर वाटायचं, घर म्हणजे जिथं ‘आणखी घे’ म्हणतात ती जागा. तसं पाहिलं तर सगळं कुवेतच माझं घर व्हायला हवं होतं. इथं मला पेट्रोलपंपावरसुद्धा आणखी घे म्हणतात. आता डब्यात अर्धं आणतो, अबू नासिर लांबूनच हात जोडतो, आणि मी ताटात चार शितं ठेवून उठायचा सराव करतोय. अजून रोज जमत नाही. उठताना मागं कान जातोच.

परवा जूनची सुट्टी मंजूर झाली. लगेच आईला फोन लावला. “आई, पंधरा दिवस येतोय! बोल, काय काय करून ठेवायलीस?” माझ्या आवाजात पुरण होतं, धपाटी होती, लोण्याचा गोळा होता, सगळ्या चौदा पोळ्या मांडलेल्या होत्या.



“अर्धी भाकर,” आई म्हणाली.